भिंतीमागचा नॉब

उज्ज्वलाची आणि माझी पहिली ओळख चिठ्ठीतून झाली.

यवतमाळच्या ज्या दुकानात मी काम करते तिथं पंपाचे पॅनल, मोटारी आणि ड्राइव्ह मिळतात. विकायचं काम मालकाचं, जाऊन बसवून द्यायचं माझं. घाटंजीहून पारव्याकडे जाताना एक तांडा लागतो. तिथं डोंगरसिंग आडे यांची थ्रेशर आणि वखर-नांगर दुरुस्तीची शेड आहे. त्यांच्या मिलिंग मशीनला, म्हणजे फिरत्या कटरनं लोखंड कापणाऱ्या यंत्राला, ड्राइव्ह बसवायला मी दसऱ्यानंतर तिथं गेले होते.

मशीन हिंगण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातली. हिरवा रंग उडालेला, पण अंग जाड बिडाचं, आणि कटर बसतो त्या आडव्या दांड्याला, स्पिंडलला, हातानं फिरवलं तर कुठं खरखर नाही. अशी चांगली मशीन आठ महिने ताडपत्रीखाली पडून होती. कारण साधं होतं. तिची मोटर तीन फेजवर चालणारी आणि तांड्यातल्या घरांना एकच फेज. शेतातल्या पंपाला तीन फेज मिळते, तीही ठरलेल्या तासांची, आणि शेत दोन किलोमीटर लांब. मशीन शेतात नेता येत नव्हती आणि फेज घरी आणता येत नव्हती.

मी मोटरच्या जोडणीच्या डबीचं झाकण उघडून बसले होते. डोंगरसिंगांच्या बायको, रामीबाई, चहा घेऊन आल्या. कप उचलला तर बशीत वहीच्या कागदाची चार घड्या घातलेली चिठ्ठी. पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मोटर स्टारमध्ये जोडलेली आहे. ड्राइव्हमधून दोनशेतीस व्होल्टच निघतील. डेल्टा करून घ्या, नाही तर ताकद लागणार नाही."

स्टार आणि डेल्टा या मोटरच्या तारा जोडायच्या दोन रीती; मी त्याच पट्ट्या बदलायला बसले होते. पण हे इथं कुणाला माहीत? मी रामीबाईंकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीनं घराच्या दाराकडे खूण केली. दारात नाकाच्या खालपर्यंत पदर ओढलेली एक बाई उभी होती. मी पाहतेय म्हटल्यावर आत गेली.

"सून हाय," रामीबाई म्हणाल्या. "शिकेल हाय."

"काय लिहून धाडलं तिनं?" डोंगरसिंगांनी मला विचारलं. मी वाचून दाखवलं.

"बराबर हाय का?"

"एकदम बराबर, काका."

"असनच," ते म्हणाले. "आयटीआयमंदी पहिली आलती ते." त्यांच्या आवाजात अभिमान होता. पुढं जे जे झालं ते सांगतानाही मला हा अभिमान विसरता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ड्राइव्ह म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी पेटी. तारेतून येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. ती यवतमाळात घ्या की घाटंजीत, पन्नासच. ही पेटी घरातली एक फेज घेते, ती सरळ करते, आणि तिचे पुन्हा तुकडे करून तीन फेज तयार करते. हेलकावे किती, ते आपण ठरवायचं. नॉब वीसवर ठेवला की स्पिंडल सावकाश, पन्नासवर ठेवला की पूर्ण वेगात. त्या दिवशी मशीन पहिल्यांदा फिरली तेव्हा डोंगरसिंगांनी नॉब इतक्यांदा खालीवर केला की शेवटी रामीबाई म्हणाल्या, "पुरे करा ना आता, मोटरले चक्कर यीन."

निघताना मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. स्वयंपाकघरात मी एकटीच आहे असं पाहून उज्ज्वलानं पदर मागं टाकला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कपाळ रुंद, उजव्या अंगठ्यावर जुन्या कापल्याचा वण.

"नाव काय तुयं?"

"सलोनी. राळेगावची."

"लाईनमनीन म्हणत असतीन तुले गावात."

"तोंडावर म्हणतात."

ती हसली. मग तिनं पहिला प्रश्न विचारला, "कटर कोणता लावला मामाजीनं? सहाचा का आठचा? आवाजावरून मले सहाचा वाटला."

सहाचाच होता.

*

उज्ज्वलाचं माहेर दिग्रसकडच्या एका तांड्यातलं. वडील फुलसिंग ऊसतोडीच्या टोळीबरोबर जात असत आणि ही आजीजवळ राहून शिकली. आयटीआयला मशीनिस्टच्या वर्गात वीस मुलं आणि ही एक. पहिल्या आठवड्यात मुलं तिला झाडू आणून देत. दुसऱ्या वर्षी तीच मुलं गिअरचा जॉब घेऊन तिच्यामागं फिरत. नंतर नागपूरला एक वर्ष शिकाऊ म्हणून काम केलं. तिथं रोज आठ तास मिलिंगवर असे. "त्या वर्षी मायं वजन सात किलोनं वाढलं," ती मला म्हणाली. "इतकी खुश होती मी."

डोंगरसिंगांनी तिला सून करून आणली ती याच कारणानं. तांड्यात सांगत फिरले, मशीनवाली सून आणली म्हणून. मुलगा सुनील पिकअप गाडी चालवतो, त्याला मशीनीत रस नाही. मशीन कुणासाठी घेतली, असं मी डोंगरसिंगांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "घरात शिकेल माणूस हाय म्हणून घेतली." आणि मग स्वतःच गप्प झाले.

कारण त्या घरात सून सासऱ्यासमोर घुंगटो ओढते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. जे सांगायचं ते सासूमार्फत. पुष्कळ तांड्यांतून हे आता गेलं आहे. उज्ज्वलाच्या माहेरी तिच्या वहिन्या सासऱ्याशी फोनवर भांडतातसुद्धा. इथं राहिलं. कुणी जबरदस्ती केली असं नाही. पहिल्या दिवशी पदर ओढला, मग दुसऱ्या दिवशी सोडायचा कसा, आणि अशी पाच वर्षं झाली.

"आयटीआयच्या भिंतीवर पाटी होती," ती मला सांगत होती, तव्यावरची भाकरी उलटवत. "सैल कपडे घालून, ओढणी घेऊन मशीनजवळ उभं राहायचं नाही. पदर कटरात गेला का मान जाते. आता मामाजीसमोर पदर सोडता येत नाही, अन् मशीनसमोर पदर घेता येत नाही. शेडमंदी दोघंही हायेत. मी जाऊ कुठून?"

"मामाजी बाहेर गेले का चालव ना."

"शेडचं तोंड चौकाकडं हाय. एक मामाजी गेले तं तिथं पाच बसून रायते."

"सुनीलभाऊ काय म्हणतात?"

"पाहू म्हणते. पाच वर्षं झाली, पाहूनच राह्यला."

*

पंधरा दिवसांत डोंगरसिंगांचा फोन आला. "बाई, तुमची पेटी नापास हाय. घडीघडी बंद पडते. मोटर अशी तापते का वरतं पापड भाजा."

मी गेले. शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी स्वयंपाकघरात गेले, कारण मला आता कळलं होतं की खरी तक्रार कुठं मिळते.

"पट्टा वरच्या, जादा वेगाच्या पुलीवर हाय," उज्ज्वला म्हणाली. "वेग कमी पायजे असला का पट्टा बदलायचा कंटाळा, नॉबनंच खाली आणते. दहावर आणून लोखंड कापून राह्यले. मोटरचा पंखा मोटरच्याच दांड्यावर असते. मोटर हळू तं पंखा हळू. वारा कुठून लागन तिले? मले इथून वास येते."

"मग सांगितलं नाही?"

"सांगतलं ना. याडीले सांगतलं." सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई. "याडीनं जाऊन सांगतलं, पट्टा खालच्या पुलीवर घ्या म्हणते. मामाजी म्हणे, कोण म्हणते? याडी म्हणे, सून म्हणते. तं मामाजी म्हणे, तिले म्हणा भाकर जळून राह्यली."

"अन् जळत होती?"

"नव्हती! पण याडी तिकडं काय सांगते ते आयकत बसली, तं खरंच जळली."

आम्ही दोघी हसलो. मी शेडमध्ये जाऊन पट्टा खालच्या पुलीवर घेतला आणि तेच सगळं माझ्या तोंडानं सांगितलं. डोंगरसिंगांनी मान डोलावली. "असं सांगतलं का समजते," म्हणाले. मला त्या क्षणी फार विचित्र वाटलं. मी बावीस वर्षांची, डोकं उघडं, अंगात दुकानाचा निळा शर्ट, त्यांच्या शेजारी उभी. शब्द तिचेच होते.

आणि तिथंच उभं असताना मला ते सुचलं.

शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच विटांची भिंत. ड्राइव्हचा नॉब पेटीवरच असला पाहिजे असं नाही. वायर लावून तो दहा मीटर लांब नेता येतो. भिंतीला भोक पाडायचं, पाइपमधून वायर न्यायची, आणि नॉब तिकडं बसवायचा. डोंगरसिंग जॉब बांधतील, टेबलचं चाक हातानं फिरवतील. वेग उज्ज्वला सांभाळेल, आवाज ऐकून. कटर कुरकुरायला लागला की वेग जरासा हलवला तरी तो शांत होतो. पट्ट्यानं एवढा बारीक फरक करता येत नाही, ड्राइव्हनं येतो. आणि तिचे कान तसे होते. पदरही राहील, मशीनही मिळेल.

मला इतका आनंद झाला की मी तिला न विचारता आधी डोंगरसिंगांना सांगितलं. त्यांना पटलं. रामीबाईंनाही पटलं. उज्ज्वलाला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिली.

"नॉब मिळन," ती म्हणाली. "बरं. काही नाही त्याच्यापेक्षा बरं."

सुरू करायचं बटण मी मशीनपाशीच ठेवलं. ज्याला कटर दिसत नाही त्यानं मशीन सुरू करू नये, हे मी शिकलेले. बंद करायचं लाल बटण मात्र दोन्हीकडं दिलं, एक शेडमध्ये, एक आत. कुणीही दाबलं तरी मशीन थांबणार, आणि ज्यानं दाबलं त्यानंच ते फिरवून सोडल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. आतला डबा ओट्याच्या वर, तिखटाच्या बरणीशेजारी बसला. उज्ज्वलानं नॉबभोवती नेलपॉलिशनं खुणा केल्या: पंचवीस, तीस, पस्तीस.

*

काम फार छान चाललं. हे मला सांगायला हवं, कारण तीच तर अडचण झाली.

महिन्याभरात डोंगरसिंगांच्या कामाची सफाई लोकांच्या डोळ्यांत भरायला लागली. शाफ्टवर पुली घट्ट धरणाऱ्या चावीच्या, म्हणजे लोखंडी पट्टीच्या, खाचा अशा निघत की चावी अंगठ्यानं दाबली की बसे. जिनिंगवाले, थ्रेशरवाले येऊ लागले. चौकातले म्हातारे कौतुकानं सांगत, "डोंगरसिंगची सून घरात बसून मशीन चालवते. भाकरी थापता थापता." हे सगळ्यांना पसंत होतं. मोडलं काहीच नव्हतं आणि काम होत होतं.

जानेवारीत मी घाटंजीला आले होते, तशीच तांड्यावर गेले. उज्ज्वला ओट्याशी उभी होती, डावा हात नॉबवर, उजव्या हातानं वरण ढवळत. शेडमधून कटरचा आवाज येत होता. तिनं नॉब केसभर हलवला, आवाज गुळगुळीत झाला. माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली.

"सलोनी, पहिले मले वाटे, आज ना उद्या मामाजीचं काम अडकन. मोटर जळन, जॉब बिघडन, कोणी वापस आणून फेकन. मंग म्हणतीन, बलाव तिले. मी रोज वाट पाहो त्याची. पाप लागन मले, पण पाहो." तिनं वरणात मीठ टाकलं. "आता अडकतच नाही. तुया नॉबनं सगळं सोपं करून टाकलं."

चूक झाली हे कळलं, पण ती कुठल्या जोडणीत झाली ते मला अजून नीट दिसत नव्हतं.

"काढून टाकू का?" मी विचारलं.

"येडी झाली का? काढला तं मायाजवळ काय राहीन?"

*

त्याच आठवड्यात जिनिंग फॅक्टरीचे फिटर पुंडलिकराव एक तुटका गिअर घेऊन आले. सत्तावीस दातांचा. कापसाचा हंगाम जोरात, नागपूरहून नवा यायला दिवस लागणार, आणि त्याशिवाय एक लाइन बंद. बरोबर त्यांनी दातांचा कटर आणि पोलादाची एकच तयार चकती आणली होती. डोंगरसिंग "होते ना" म्हणून बसले. गिअर त्यांनी आयुष्यात कापलेला नव्हता.

गिअर कापायला मशीनच्या टेबलावर एक दुसरं यंत्र बसवतात, डिव्हायडिंग हेड. त्याला हँडल असतं आणि हँडलमागं भोकांची गोल तबकडी. एक दात कापला की हँडल ठरावीक फिरवायचं आणि पिन ठरावीक भोकात सोडायची, म्हणजे चकती बरोबर एका दातानं पुढं सरकते. एका भोकाची चूक झाली तरी ती चकती भंगार.

डोंगरसिंगांनी गिअर कापायला घेतला त्याच दिवशी मी ड्राइव्हची सेटिंग पाहायला गेले. रामीबाई कापूस वेचायला गेल्या होत्या. सुनील गाडी घेऊन गेलेला. उज्ज्वलानं हिशेब तोंडीच केला आणि चिठ्ठी लिहून माझ्या हातून पाठवली: "सत्तावीस भोकांची रांग घ्या. एक पूर्ण फेरा आणि वर तेरा भोकं." मी चिठ्ठी देऊन आत येऊन बसले.

पहिली खाच पडली. आवाज सुरेख होता. उज्ज्वलाचा हात नॉबवर, डोळे मिटलेले. कटर मागं आला. पिन ओढल्याची टकटक ऐकू आली, हँडलचा पूर्ण फेरा ऐकू आला. मग डोंगरसिंग मोठ्यानं मोजायला लागले. "एक... दोन... तीन..."

उज्ज्वलानं डोळे उघडले.

"...बारा... तेरा." पिन भोकात बसली.

"एक म्हणे तवा हँडल करकरलं नाही," ती पुटपुटली. "पिन होती तेच भोक एक मोजलं त्याइनं." आणि कटर पुढं सरकायच्या आत तिनं लाल बटणावर हात मारला.

स्पिंडल घरघरत थांबला.

पलीकडं मग सुरू करायचं बटण दाबल्याचा आवाज, पुन्हा दाबल्याचा आवाज. "लाइट गेली का?" लाइट होती. "सलोनी! ओ बाई! पाय बरं आतमंदी काय झालं!"

मी उठले. उज्ज्वलानं माझं मनगट धरलं.

"नोको जाऊ."

"अगं, पण ते..."

"तू गेली का पुन्हा तेच होइन. मी सांगीन, तू नेशीन, अन् ते म्हणतीन, असं सांगतलं का समजते." तिनं मनगट सोडलं नाही. "आज त्याइनं मले विचारलं पायजे."

मी खाली बसले. भिंतीपलीकडं डोंगरसिंग येरझाऱ्या घालत होते. त्यांना माहीत होतं की बटण कुणी दाबलं. आत काय चाललंय त्याचाही अंदाज त्यांना असणार. बराच वेळ गेला. मग ते मोठ्यानं बोलले, पण आमच्याशी नाही.

"काय झालं बाप्पा या मशीनले? चालता चालता काहून रुसली?"

उज्ज्वला उठली. मध्ये भिंत असूनही तिनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड करून, पाच वर्षांत पहिल्यांदा, सासऱ्याला ऐकू जाईल असं बोलली.

"मशीन म्हणते, एक भोक कमी मोजलं."

पलीकडं एकदम सगळं थांबलं. चप्पलसुद्धा.

"मशीनले म्हणा," डोंगरसिंग हळू म्हणाले, "म्या तेरा मोजले. बोटं लावून मोजले."

"मशीन म्हणते, पिन होती ते भोक एक नाही. ते शून्य."

"चिठ्ठीत नव्हतं हे."

"मशीन म्हणते, हे लिहायचं नसते. हे हात धरून दाखवायचं असते."

तबकडीवर बोट फिरवत कुणीतरी हळूहळू मोजत असल्याचं मला ऐकू आलं. मग मोठा उसासा. "मशीनले म्हणा, एकच चकती हाय. मायाच्यानं नाही होत हे."

आणि बाज ओढत नेल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी बाज शेडच्या तोंडाशी आडवी टाकली होती आणि चौकाकडं तोंड, शेडकडं पाठ करून बसले होते.

उज्ज्वलानं पदर काढून कमरेला घट्ट खोचला, वरून सुनीलचा शर्ट घालून बटणं गळ्यापर्यंत लावली, केस टॉवेलात बांधले, बांगड्या कोपराकडं सरकवून वर रुमाल आवळला. "तू नॉबवर बस," म्हणाली. "मी सांगते तसं फिरव." लाल बटण सोडलं आणि गेली.

सत्तावीस दात कापायला साडेतीन तास लागले. तेवढा वेळ मी त्या ओट्याशी होते. समोर भिंत, तिखटाची बरणी, नेलपॉलिशच्या खुणा. पलीकडं एवढं मोठं काम चाललेलं आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. "जरा खाली... राहू दे." मी जरा खाली करायची, राहू द्यायची. पंधराव्या-सोळाव्या दाताला माझी पाठ धरली. कटर कसा दिसत असेल, चकतीचा कचरा कुठल्या बाजूला पडत असेल, असं मनात यायला लागलं, आणि उठून पाहावंसं वाटायला लागलं, पण नॉब सोडता येत नव्हता. ही जागा मी तिला दिली होती. स्वतःच्या हातानं, भिंतीला भोक पाडून.

शेवटचा दात झाला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. कपाळावर तेलाचा पट्टा, डोळे चमकत होते. "ये, पाय," म्हणाली. गिअर अजून कोमट होता. पहिल्या आणि शेवटच्या दातात तिळाचाही फरक नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनी गिअर नेला आणि बसवून पाहून फोन केला. "डोंगरसिंगजी, हात लय साफ हाय बरं तुमचा." डोंगरसिंग म्हणाले, "मशीन चांगली हाय." हे उज्ज्वलानं भिंतीतून ऐकलं आणि मला सांगितलं. रागानं नाही. नुसतं सांगितलं.

बाकीचं मला डोंगरसिंगांकडूनच कळलं. त्यांची थोरली बहीण रुपीबाई त्याच तांड्यात दिलेली. ती चौकात सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रे डोंगऱ्या, सून शेडमंदी डोस्कं उघडं टाकून, अन् तू बाहेर तिच्या राखणीले?" लोक हसले. डोंगरसिंगही हसले. मला सांगतानाही ते हसत होते, पण दोनदा सांगितलं.

गिअर चांगला निघाल्यावर जिनिंगवाल्यांनी आणखी चार चकत्या पाठवल्या. घाई नव्हती, म्हणाले, पण हंगामात लागतील.

फेब्रुवारीत एका दुपारी दुकानात माझा फोन वाजला. डोंगरसिंग. मागं मशीन चालू होती, साध्या खाचेचं काम असावं.

"बाई, एक विचारायचं होतं. ते भोकं मोजायचं काम हाय ना, त्याले बी काही पेटी येते का? आतमंदी बसून बटण दाबलं का इकडं हँडल बराबर तेवढंच फिरलं पायजे. मोजायची भानगडच नाही. मंग चारही गिअर घरातूनच होतीन."

येते. पावलापावलानं फिरणारी मोटर येते, तिला चालवणारी लहान पेटी येते, दातांची संख्या टाकली की बटणागणिक बरोबर तेवढीच फिरते. मी ती दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला बसवून दिली आहे. दोन दिवसांचं काम. तीन महिन्यांपूर्वी त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी कागदावर जोडणी काढायला घेतली असती.

ते शेडमध्ये उभे राहून बोलत होते. म्हणजे भिंतीपलीकडं सगळं ऐकू जात होतं. मी उत्तर शोधत असतानाच फोनमधला मोटरचा आवाज उतरायला लागला. पस्तीस, तीस, पंचवीस. मग नुसती गुरगुर. मग काही नाही.

"बंद केली का तुम्ही?" मी विचारलं.

"म्या नाही केली." मग म्हणाले, "तिनं नॉब खाली घेतला वाटते." ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. "तं? येते का तशी पेटी?"

"नाही येत, काका."

"नागपूरले? पुण्याले?"

"कुठंच नाही येत."

"तू तं म्हणत जाय, वायर लावली का सगळं होते."

"हे नाही होत."

दूर चौकात कुणीतरी हसत होतं. त्या चार चकत्या डोंगरसिंगांच्या समोरच रॅकवर असणार.

"बरं," शेवटी म्हणाले. "पाहू."

फोन त्यांनी खिशात टाकला असावा, बंद करायचा राहिला. मी दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असताना तो कानाला लावून उभी होते. मशीन सुरू झाली नाही.